उगम अज्ञात

दार एकच होतं आणि माणसं दोन. खरं तर घडलं ते एवढंच.

वाचनालयाच्या संदर्भ विभागाचं ते दार. जड, काचेचं, वर स्प्रिंग बसवलेलं. सोडलं की पाठीत धपाटा घालणारं. ती बाहेरून आत निघाली होती आणि तो आतून बाहेर. त्याच्या हातात हनुवटीपर्यंत पुस्तकांची चळत, तिच्या हातात निथळणारी छत्री. दोघांनी एकदमच पाऊल पुढे टाकलं आणि एकदमच मागे घेतलं.

“तुम्ही आधी,” तो म्हणाला.

“नाही नाही, तुमच्याकडे ओझं आहे. तुम्ही आधी.”

“ओझ्याचं काय, सवय आहे. या ना तुम्ही.”

“येऊ कशी? दारात तुम्ही उभे आहात.”

“अरे हो…”

तो एका अंगाला सरकला. ती नेमकी त्याच अंगाला सरकली. मग दोघंही दुसऱ्या अंगाला. दारावर नोंदी करायला बसलेल्या मावशींनी चष्म्यावरून एकवार पाहिलं.

“तुमचं काय ते ठरलं की सांगा हं. मागे लोक खोळंबलेत.”

तो हसला, आणि हसताना हनुवटी हलली. सगळ्यात वरचं पुस्तक घसरलं. तिने ते हवेतच झेललं आणि पाहते तर काय, ज्यासाठी ती भर पावसात एवढी तंगडतोड करत आली होती, तोच हा इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा जाडजूड खंड.

“हे… मला हवं होतं.”

“मलाही हवंय. झेरॉक्स काढून लगेच आणतो. तोवर थांबाल?”

ती म्हणाली थांबेन. आता यात वीज चमकणं, काळजात कळ उठणं वगैरे काही झालं नाही. पुस्तक हवं असलं की माणूस थांबतो. ती थांबली.

ती कोशात काम करायची. म्हणजे एका प्रकाशनसंस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे चार टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतभर लाकडी खण होते, तिथे इंग्रजी शब्दांच्या जन्मकथांचा कोश तयार होत होता. एकेका शब्दाचं एकेक कार्ड. संपादक म्हणजे मोठ्या बाई. केस पांढरे, आवाज कोरडा, आणि शंका घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांचा नियम एकच होता. शब्दाची जन्मकथा छापायची तर दोन साक्षीदार हवेत, आणि त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नको. एका पुस्तकाने दुसऱ्यातून उचललेलं असेल तर ते दोन नव्हेत, एकच. शब्द नवा असेल, बोलण्यातला असेल, तर जित्याजागत्या माणसांची साक्ष चालायची, पण नियम तोच. साक्षीदार नाही मिळाले तर कार्डावर लिहायचं, ‘उगम अज्ञात’. हे दोन शब्द लिहायची वेळ आली की तिचा अख्खा दिवस नासायचा. घरी आल्यावर ती आईशीही धड बोलायची नाही.

आणि बाईंनी तिला कबूल केलं होतं की या खेपेला मुखपृष्ठावर, बाईंच्या नावाखाली, तिचंही नाव जाणार. ‘सहसंपादक’. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं होतं, म्हणजे सगळ्या इमारतीला कळलं होतं.

त्या दुपारी ती वाचनालयातून परतली तेव्हा बाई म्हणाल्या, “टी अक्षर छापायला द्यायचं आहे. जावई राहिलाय. करून टाक.”

जावई म्हणजे बनावट शब्द. कोशकारांची ही जुनी युक्ती आहे. आपल्या कोशात एखादा न जन्मलेला शब्द हळूच बसवून द्यायचा, खोटा अर्थ, खोटा इतिहास, सगळं साग्रसंगीत. मग कुणी आपला कोश चोरून स्वतःच्या नावावर छापला की तो शब्दही त्याच्याकडे जातो आणि चोर आयता सापडतो. बाई त्याला जावई म्हणायच्या, कारण काम काही करायचं नाही, नुसतं ऐटीत बसायचं, आणि त्याच्याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही. कुठला शब्द जावई आहे ते फक्त त्यांना आणि करणाऱ्याला माहीत असायचं.

तिने पेन उघडलं. डोळ्यांसमोर अजून ते दार होतं. तिने लिहिलं, ‘टॅरल: दोन माणसांनी एकाच दारात एकमेकांना वाट देत खोळंबून राहणे.’ मग बाडबिस्तरा घेतलेले खलाशी, बंदरातली अरुंद फळी, चढणारे आणि उतरणारे, असा एक झकास खोटा इतिहास जोडला. बाईंनी वाचलं. “बरा आहे,” म्हणाल्या. बाईंच्या तोंडून ‘बरा’ म्हणजे हत्तीवरून मिरवणूक.

तो रेडिओवर होता. रोज सकाळी पाच मिनिटं, एका इंग्रजी शब्दाची गंमत सांगायचा. तिच्या आईचा तो कार्यक्रम चुकायचा नाही. “त्या मुलाचा आवाज ऐकला की चहाला चव येते,” असं आई म्हणायची. तिचं मत वेगळं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तिचं मत होतं. त्याचा चेहरा तिने पाहिलेला नव्हता, त्यामुळे दारातला माणूस तोच, हे कळलं ते तो झेरॉक्स काढून परत आला आणि तिच्या समोरच्या खुर्चीत बसून कुजबुजत्या आवाजात बोलायला लागला तेव्हा. कुजबुजला तरी आवाज तोच.

“तुम्ही ते रेडिओवाले,” ती म्हणाली. आनंदाने नव्हे.

“ऐकता?”

“आई ऐकते. गेल्या आठवड्यात तुम्ही ‘सिन्सिअर’ सांगितलात. मूर्तिकार भेगांमध्ये मेण भरून लोकांना फसवायचे, म्हणून बिनमेणाची, लॅटिनमध्ये ‘सिने सेरा’, मूर्ती ती सिन्सिअर.”

“छान आहे ना?”

“खोटी आहे.”

“पण छान आहे!”

“छान आहे म्हणूनच खोटी. शब्दाची गोष्ट जितकी गोड, तितका पुरावा कमी. पुराव्यात कुठेही मेण नाही. उद्या सांगून टाका, चूक झाली म्हणून.”

“रेडिओवर चूक कबूल केली ना, की लोक हवामानाच्या अंदाजावरही विश्वास ठेवेनासे होतात.” तो खुर्चीत मागे रेलला. “तुमचं नाव काय? राहू दे. मी तुम्हाला पुरावाबाई म्हणेन.”

मावशींनी टेबलावर पट्टी आपटली. शांतता राखा.

यानंतर तो वाचनालयात जरा जास्तच येऊ लागला, हे मावशींनी पाहिलं. ती आपले रेफरन्स फोनवर मागवायचं सोडून स्वतः येऊ लागली, हेही पाहिलं. काम संपलं की दोघं रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानात बसायची. तिथे बोलणं काय, तर शब्द. दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर उठून गेलं असतं.

“हे बघ,” एकदा तो बाही सारून दंड दाखवत म्हणाला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं. “मसल म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर. कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो म्हणून. हे तरी खरं ना?”

“शब्द खरा आहे. उंदीर दिसत नाहीये.”

“नीट बघ.”

“बघतेय. बिळातून बाहेर यायला तयार नाही.”

तो दिलखुलास हसला. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने वळून पाहिलं. तिला, का कोण जाणे, बरं वाटलं.

आणि एकदा — पाऊस धरून बसला होता, दोघंही अडकली होती — त्याने पाव मोडला, अर्धा तिच्या बशीत ठेवला आणि काही बोललाच नाही. हे त्याच्या बाबतीत नवलच.

“काय?” तिने विचारलं.

“कंपॅनियन,” तो म्हणाला. “जो आपल्यासोबत पाव खातो तो. याला दोन साक्षीदार आहेत, मी स्वतः तपासलेत.”

“आहेत,” ती म्हणाली. “आणि पोर्तुगीजांनी आणलेल्या आपल्या पावाचा आणि त्या शब्दाचा खापरपणजोबा एकच, लॅटिन ‘पानिस’.”

“म्हणजे एकमेकांचे नातेवाईकच निघाले की ते.”

तिने पावाचा तुकडा चहात बुडवला. जरा जास्त वेळ बुडवला, आणि तो तुटून पडला.

“तू फार नाइस आहेस,” तो एकदम म्हणाला.

“नाइसचा जुना अर्थ माहितीये? मूर्ख, अडाणी.”

“माहितीये. मी नवा अर्थ म्हणतोय.” मग जरा थांबून — “एक विचारू? ते पहिल्या दिवशी… दारात झालं ना, तुम्ही आधी, तुम्ही आधी… त्याला इंग्रजीत एखादा शब्द असेल? सगळ्याला असतो. याला असायलाच हवा.”

तो तिच्याकडे पाहत होता. कपाळावर पावसाचे थेंब होते, बशीत अर्धा पाव होता आणि प्रश्न असा होता की त्याचं उत्तर साऱ्या जगात तिलाच माहीत होतं. जिभेला हाड नसतं.

“टॅरल,” ती म्हणाली.

पुढच्याच श्वासाला ती सांगणार होती, की अरे, तो खरा नाही, मीच केलाय, आणि तुझ्यामुळेच केलाय. पण त्याचा चेहरा असा उजळला की शब्द तोंडातच राहिले. त्याने दोनदा-तीनदा तो शब्द घोळवला. टॅरल… टॅरल. तेवढ्यात पाऊस थांबला, त्याची बस आली आणि तो धावत गेला. उद्या सांगू, तिने ठरवलं. ताकही फुंकून पिणारी मुलगी, पण उद्या सांगायची संधी मिळेलच याला काही पुरावा नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने नेहमीप्रमाणे रेडिओ लावला.

“आजचा शब्द,” तो आवाज म्हणाला, “मला एका दारात सापडला. टॅरल. दोन माणसं एकमेकांना वाट देत उभी राहतात आणि कुणीच जात नाही, ते थांबणं. आपल्याला वाटतं वेळ वाया गेला. मला नाही तसं वाटत. ज्या व्यक्तीने हा शब्द मला दिला, तिला एवढंच सांगायचं आहे की… त्या दारात मी अजून उभा आहे.”

चहा उतू गेला. आईने गॅस बंद केला, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “कोण गं ही भाग्याची?”

भाग्याची ओट्याशी उभी होती. तिला आनंद झाला होता, इतका की हसू आवरेना, आणि त्याच वेळी तिला आठवत होतं की तो शब्द खोटा आहे.

ऑफिसात बाई तिची वाटच पाहत होत्या. बाईही तो कार्यक्रम रोज ऐकायच्या. चुका काढायला ऐकते, असं त्या सांगायच्या.

“आपला जावई आज रेडिओवर होता,” बाई म्हणाल्या. “अजून कोश बाहेर पडलेला नाही. म्हणजे याने प्रेसमधल्या कुणाला तरी फितवून पानं मिळवली. चोर तो चोर आणि वर दारात उभा राहतो म्हणे! स्टेशनच्या डायरेक्टर माझ्या ओळखीच्या आहेत. हा कार्यक्रम आज बंद होईल.”

त्यांनी फोन उचललासुद्धा. तिने मूग गिळून बसायचं ठरवलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. कार्यक्रम गेला असता, मुखपृष्ठावरचं नाव राहिलं असतं.

“बाई, थांबा. मी सांगितला त्याला.”

बाईंनी फोन खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“का?”

“त्याने विचारलं.”

“आणि तू सांगितलास. खरा म्हणून?”

“हो.”

पंखा कुरकुरत होता. बाकीच्या दोन टेबलांवरच्यांनी माना इतक्या खाली घातल्या की नाकं कार्डांना टेकली.

“ओळखला गेलेला जावई काय कामाचा,” बाई शेवटी म्हणाल्या. “शब्द काढून टाक. आणि मुखपृष्ठावर या वेळी माझं एकटीचंच नाव जाईल. समजलं?”

“समजलं.”

“आजच्या आज जाऊन त्याला खरं काय ते सांग. नाहीतर उद्या पुन्हा कुठेतरी उभा राहील.”

तो चहाच्या दुकानात आधीच येऊन बसला होता. फोनवर ऐकणाऱ्यांचे निरोप वाचून दाखवायची त्याला घाई झाली होती. कुणाची लिफ्टपाशी टॅरल झाली होती, कुणाची बँकेच्या दारात, कुणा आजोबांची तर स्वतःच्याच घरात, आजींबरोबर.

“बघ, लोकांना शब्दच सापडत नव्हता इतके दिवस! आणि… शेवटचं वाक्य ऐकलंस?”

“ऐकलं,” ती म्हणाली. “तो शब्द खरा नाही.”

त्याला आधी गंमत वाटली. मग तिने सगळं सांगितलं. जावई म्हणजे काय, कधी केला, का केला, बाई काय म्हणाल्या. नावाचं तेवढं सांगितलं नाही. त्याने फोन हळूच पालथा ठेवला.

“म्हणजे मी सगळ्यांसमोर… तुला जे सांगितलं ते… एका खोट्या शब्दात सांगितलं.”

“हो.”

“आणि तुला हे काल सांगता आलं असतं.”

“आलं असतं. तू इतका खूश झालास की—”

“मेणाच्या गोष्टीवरून तू मला किती दिवस छळलंस! छान आहे म्हणूनच खोटी, म्हणालीस. मला वाटलं, जगात एक माणूस तरी असा आहे की ज्याचं काही तपासून बघायला लागत नाही.” तो उठला. “चहा मागवला होता. तू घे.”

त्याचा कप तसाच राहिला. तिने तो प्यायला नाही आणि परतही नेऊ दिला नाही. दुकानदाराने दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर तो आवाज जरा सपाट होता. “काल सांगितलेला शब्द खरा नाही. इंग्रजीत तो नाही. मी पुरावा न बघता सांगितला, चूक माझी आहे. आणि आता सुरुवात केलीच आहे तर… ‘सिन्सिअर’मध्ये मेण नाही.” मग त्याने एकामागून एक आपल्या जुन्या चुका सांगितल्या. पाच मिनिटं पुरली नाहीत. तिचं नाव, तिचा उल्लेख कुठेही नव्हता.

ओट्याशी उभं राहून तिने डोळे पुसले. कांदा चिरत नव्हती, त्यामुळे आईला बहाणा देता आला नाही. आईने तिच्याकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं, आणि आयांना जे कळायचं ते कळलं.

“तू होय ती!” आई म्हणाली. आणि मग, चहा गाळता गाळता — “शब्द खोटा निघाला म्हणतो. बरं. पण ते दारात उभं राहायचं? ते खरं की खोटं, ते काही बोलला नाही.”

तो वाचनालयात यायचा बंद झाला. मावशी विचारायच्या, “आज एकट्याच?” ती मान हलवायची. दार उघडताना दर वेळी क्षणभर थांबायची सवय तिला लागली होती. आतून कुणीच यायचं नाही. फार आठवण यायची. पुस्तकात ‘थ्रिल’ लागला की त्याचा मूळ अर्थ भोक पाडणं, आणि त्याच मुळातून आलेलं नॉस्ट्रिल म्हणजे नाकाचं भोक, हे त्याला सांगावंसं वाटायचं. तो यावर नक्की काहीतरी आचरट बोलला असता.

शब्द मात्र थांबला नाही. खोटा आहे असं जाहीर होऊनही लोकांनी तो सोडला नाही. तिच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये कुणीतरी पाटी लावली, ‘टॅरल टाळा, आधी बाहेर येणाऱ्यांना येऊ द्या.’ डॉक्टरांच्या दवाखान्यात दोन अनोळखी बायका दारात अडखळल्या आणि एक दुसरीला हसून म्हणाली, “झाली बघा टॅरल.” ती कोपऱ्यात बसून ऐकत होती. जे जन्मलंच नाही असं जाहीर झालं, ते आपलं पोर भरचौकात हिंडतंय, असं तिला झालं.

एक दिवस बाईंनी तिच्या टेबलावर कार्डांचा गठ्ठा आणून ठेवला. सगळ्या कार्डांवर एकच शब्द. कुणी, कुठे, कधी वापरला, सगळं बाईंच्या बारीक अक्षरात.

“आयलंडमधला एस आठवतो?” बाईंनी विचारलं.

“मुका आहे तो.”

“मुकाही आहे आणि उपराही. कुणा शहाण्याला वाटलं की हा शब्द लॅटिन घराण्यातला असावा, म्हणून त्याने एस घुसडला. नव्हता. पण आता काढून दाखव.” बाईंनी गठ्ठ्यावर बोट टेकवलं. “खोटा म्हणून सांगितलं तरी लोक वापरतायत. मग मी नाही म्हणणारी कोण? पुरवणीत घ्यायचा. अर्थ आहेच. उगम मात्र खरा लिहायचा, ते खलाशी-बिलाशी नकोत. दोन साक्षीदार, एकमेकांशी संबंध नसलेले. नियम तुला ठाऊक आहे.” आणि जाता जाता, पाठ फिरवून — “या शब्दाचा उगम पक्का लागला, तर मुखपृष्ठाचं पुन्हा बघू.”

बाईंच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळायचं नाही. पाठीवरून तर नाहीच नाही.

तिने फोन केला. आवाज शक्य तितका ऑफिसचा काढला. “कोशासाठी एका शब्दाच्या उगमाची साक्ष हवी आहे.”

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. मग — “साक्षीला बोलावलं की यावं लागतं ना?”

“सक्ती नाही.”

“येतो.”

ती मुद्दाम आधी जाऊन आत बसली होती. पण वेळ जाईना, म्हणून पाहायला बाहेर निघाली, आणि तो तेव्हाच आत येत होता. दोघांनी एकदम पाऊल टाकलं, एकदम मागे घेतलं. या वेळी ती आत होती आणि तो बाहेर.

“झालं,” मावशी म्हणाल्या. “आले परत.”

कोपऱ्यातलं टेबल. मधे एक कार्ड. ती लिहिणार, तो सांगणार.

“शब्द प्रथम कुठे ऐकलात?”

“समोरच्या चहाच्या दुकानात.”

“कुणाच्या तोंडून?”

“एका मुलीच्या. खोटारडी होती.”

तिने लिहिलं, ‘एका मुलीच्या.’ पुढचं लिहिलं नाही. “शब्दामागची घटना?”

“ह्या दारातली. पाऊस होता. तिच्या छत्रीचं पाणी माझ्या बुटात गेलं होतं, ते मी तेव्हा बोललो नाही.”

“त्या वेळी तुम्ही काय करत होता?”

“वाट देत होतो.”

“मग गेला का नाहीत?”

तो तिच्या पेनाकडे पाहत राहिला. “जावंसं वाटलं नाही,” तो म्हणाला. “अजूनही वाटत नाही. त्या दिवशी मी रेडिओवर सगळ्या चुका सांगितल्या. ते शेवटचं वाक्य मात्र मागे घेतलं नाही. लक्षात आलं का तुझ्या?”

“आईच्या आलं.”

“आणि तुझ्या?”

तिने पेन खाली ठेवलं. ऑफिसचा आवाज केव्हाच गळून पडला होता.

“मला माफ कर,” ती म्हणाली. “तो शब्द मी खोटा केला होता, पण… ते दार मनातून जाईना म्हणून केला. तू मला आवडतोस. तेव्हाच आवडला होतास. मी आपली दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत थांबू म्हणत बसले.”

तो हसला नाही. त्याने फक्त हात पुढे केला आणि तिची बोटं धरली, कार्डाच्या वरच, अगदी शब्दावर. बाहेर कुणीतरी दार सोडलं आणि ते धाडकन आपटलं.

“बरं, पुढचा प्रश्न?” जरा वेळाने तो म्हणाला. “पुरावाबाई, काम अर्धं टाकू नये.”

“शेवटचाच आहे.” तिने घसा साफ केला. “पहिली साक्षीदार मी. दुसरे तुम्ही. दोन्ही साक्षीदारांचा एकमेकांशी काही संबंध?”

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. तिच्या हाताकडे पाहिलं.

“‘नाही’ असं लिहिलंस तर काय होतं?”

“नोंद पक्की. खऱ्या उगमासकट छापली जाते. मुखपृष्ठावर माझं नाव… बहुतेक.”

नावाचं त्याला आज प्रथमच कळत होतं. त्याने बोटं सैल केली. “मग ‘नाही’ लिही. एका कार्डावर खोटं लिहिलंस म्हणून माझं काही बिघडत नाही. बाहेर गेल्यावर आपण आहोतच.”

“नाही,” ती म्हणाली. “एकदा खोटं लिहून झालंय.”

तिने त्याचा हात पुन्हा ओढून घेतला, आणि दुसऱ्या हाताने कार्ड जवळ सरकवलं. डाव्या हाताने लिहायची सवय नव्हती, त्यामुळे अक्षर लहान मुलासारखं आलं. पण वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी ते कार्ड हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं आणि उजेडात धरलं.

“उगम अज्ञात?” त्या म्हणाल्या. “तू लिहिलंस हे?”

“हो, बाई.”

“साक्षीदार मिळाले नाहीत?”

“मिळाले होते. दोन होते. पण ते एकमेकांचे नातेवाईक निघाले.”

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पंखा कुरकुरत होता.

“कधीपासून?”

“काल दुपारपासून.”

बाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं, पेन काढलं आणि खाली सही केली.